मंत्रचळ : एका शंकेचा इतिहास

मराठीत 'मंत्रचळ' असा एक जुना शब्द आहे. वारंवार हात धुणारा, कुलूप लावून दहा वेळा ओढून पाहणारा, एकदा मोजलेले पुन्हा पुन्हा मोजणारा मनुष्य दिसला की आपण सहज म्हणून जातो, "त्याला मंत्रचळ लागला आहे." शब्दाची फोड सोपी आहे. मंत्र म्हणताना चूक झाली आणि म्हणणाऱ्याचे चित्त चळले, अशी ती समजूत. म्हणजे रोगाच्या नावातच आरोप आहे : तुझ्या हातून काही तरी चुकले, म्हणून तुझी ही दशा झाली. आज डॉक्टर ज्याला ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी, म्हणतात तो हाच विकार. हा आरोप हळूहळू कसा मागे घेतला गेला, हाच या विकाराचा इतिहास होय, असे आमचे मत आहे. तो अजून पुरता मागे घेतला गेलेला नाही, म्हणूनच हा विषय श्रोत्यांपुढे मांडावासा वाटला.

कामगार-संघटनेत काम करणाऱ्याने रोगाच्या इतिहासावर बोलावे याचे नवल वाटणे साहजिक आहे. आम्ही डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही चढलो नाही. जे वाचले ते मोर्चे आणि वाटाघाटी यांच्यामधल्या वेळात वाचले. परंतु संघटनेच्या कामाने एक गोष्ट शिकवली. जे दुःख प्रत्येक जण खाजगी आणि लाजिरवाणे समजून लपवतो, ते मोजायला बसले की बहुधा पुष्कळांचे निघते. या रोगाच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे.

मात्र किल्लारीत शंकेविषयी बोलायचे तर जपून बोलले पाहिजे, कारण येथे शंका खरी ठरलेली आहे. 1992 साली या भागात जमिनीचे हादरे बसले होते आणि लोक धास्तावले होते. पुढे व्यवहार पूर्ववत् सुरू झाले. मग 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने भरलेली जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माणसे छपराखाली झोपायला तयार नव्हती. अशा गावात कोणी येऊन "शंका घेऊ नका" असा उपदेश केला, तर त्याला काय उत्तर मिळेल ते सांगायला नको.

पण त्या शंकेचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. ती रास्त शंका होती, आणि रास्त शंकेला उत्तर देता येते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरांची रचना बदलली. जुन्या घरांच्या भिंतींना बळकटी देण्याचे काम शेकडो गावांत झाले. गवंडी भिंतीत काँक्रीटचा पट्टा एकदा घालतो आणि पुढच्या कामाला लागतो. रोज रात्री उठून तोच पट्टा पुन्हा घालावा लागत नाही. ओसीडीची शंका मात्र कोणत्याही पट्ट्याने समाधान पावत नाही. डोळा सांगतो कुलूप लागले आहे, हात सांगतो लागले आहे, घरची माणसे सांगतात लागले आहे, मन तेवढे म्हणते, "पण नसेल तर?" बॉयलरवरचा कामगार पाळी सोपवताना व्हॉल्व्ह तपासतो आणि नोंदवहीत लिहून घरी जातो, ती दक्षता होय. नोंद झाल्यावरही ज्याला फाटकापासून चार वेळा परत यावे लागते, त्याची गोष्ट निराळी. तो आळशी नाही, वेडाही नाही. आपले वागणे निरर्थक आहे हे त्याला बहुतेक वेळा आपल्यापेक्षा अधिक कळत असते.

आणखी एक भेद येथे सांगितला पाहिजे. भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने येथल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात पुढाकार होता. आपत्तीतून वाचलेल्याला नको असताना जे आठवते, ते घडून गेलेले असते. ओसीडीच्या रोग्याला नको असताना जे सुचते, ते घडलेले नसते आणि तो ते करणारही नसतो. बाळाला मांडीवर घेतलेल्या आईला समोरची विळी पाहून वाटते, आपल्याच हातून याला इजा झाली तर? देवापुढे हात जोडणाऱ्याच्या मनात देवाविषयी शिवी येते. मोटारसायकल खड्ड्यात आदळली की स्वाराला वाटते, आपण कोणाला चिरडले तर नाही? आणि तो दोन कोस मागे जाऊन रस्ता पाहून येतो. हे विचार त्या माणसाच्या स्वभावाच्या नेमके उलटे असतात. आईला बाळ प्रिय असते म्हणूनच तो विचार तिला जाळतो. अशा विचारामुळे ती बाळाला धोकादायक ठरत नाही, हे डॉक्टर निःसंदिग्धपणे सांगतात. परंतु ती हे कोणाला सांगणार? सांगितले तर लोक काय म्हणतील? म्हणून ती विळी लपवते, बाळाला घेणे टाळते आणि गप्प राहते.

ही गप्प राहण्याची रीत फार जुनी आहे. ती मोडून लिहिणाऱ्यांपैकी एक इंग्लंडातला जॉन बनियन हा होता. हा मनुष्य व्यवसायाने भांडी सांधणारा कारागीर, शिक्षण जेमतेम. परवान्याशिवाय धर्मोपदेश करतो म्हणून 1660 पासून सुमारे बारा वर्षे तो तुरुंगात होता. त्याचा एक ग्रंथ हरि केशवजी यांनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला, त्यामुळे आपल्याकडेही त्याचे नाव अपरिचित नाही. 1666 साली त्याने आपल्या मनाची हकीगत छापली. तीत तो सांगतो की, देवळातल्या घंटा वाजताना पाहायला उभे राहिले की त्याला वाटे, घंटा डोक्यावर पडली तर? म्हणून तो तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले, घंटा भिंतीवर आपटून उलटी आपल्याकडे आली तर? म्हणून तो दारात उभा राहिला. मग वाटले, सारा मनोराच कोसळला तर? शेवटी त्याने तेथे थांबणेच सोडले. ज्या देवावर त्याची निष्ठा होती त्यालाच विकून टाक, असा विचारही कितीतरी महिने त्याच्या डोक्यात घुमत राहिला. आज कोणी मानसोपचारतज्ज्ञ हे वाचील तर त्याला ते ओळखीचे वाटेल. बनियनला मात्र त्यात पाप आणि सैतान यांखेरीज दुसरे काही दिसणे शक्य नव्हते. त्याच्या काळापाशी दुसरा शब्दच नव्हता.

तो शब्द शोधायला पुढे दीडदोनशे वर्षे लागली. फ्रान्समधील डॉक्टर एस्किरोल यांनी 1838 साली एका चौतीस वर्षांच्या स्त्रीची हकीगत लिहिली. व्यापारी घरातली ही बाई. हिशेबात आपल्याकडून कोणाचे नुकसान होईल, नाणी हाताळताना मोलाचे काही बोटांना चिकटून राहील, या धास्तीने ती तासन् तास हात चोळी आणि धुई. हे सारे व्यर्थ आहे हेही तीच सांगे. 1877 साली बर्लिनच्या वेस्टफाल यांनी या विकाराची व्याख्या केली. बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध, मनात घुसणारा आणि हाकलता न येणारा विचार, असा तिचा आशय होता. 'इच्छेविरुद्ध' हा शब्द महत्त्वाचा आहे. येथे आरोप पहिल्यांदा सैल झाला. विचार येणे हा गुन्हा नव्हे, हे वैद्यकाने मान्य केले.

आपल्याकडे याच काळात हा रोग सोवळ्याच्या आड लपून राहिला. हात-पाय धुणे, शिवाशिव टाळणे, नैवेद्य मोडला म्हणून पुन्हा करणे, या गोष्टींना घरात मान होता. त्यामुळे एखादी विधवा पहाटेपासून दुपारपर्यंत विहिरीवर धूत बसली, तर तिला कोणी रोगी म्हटले नाही, कर्मठ म्हटले. आचार आणि रोग यांचे बाह्य साम्य फ्रॉइड यांनीही 1907 साली दाखवले होते. पण भेद स्पष्ट आहे. आचार चारचौघांचा असतो आणि तो संपतो. रोग्याचा विधी एकट्याचा असतो आणि संपत नाही. येथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. माणसाने माणसाला विटाळ मानला, त्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, तो मनोविकार नव्हता. तो अन्याय होता आणि करणाऱ्याला त्यात लाभ होता. रोग्याला त्याच्या धुण्यातून कसलाच लाभ नसतो. एकाचे पाप दुसऱ्याच्या दुखण्यामागे लपवू नये.

उपचाराची वाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडली. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना भीतीच्या वस्तूजवळ नेले आणि धुणे वा विधी करण्यापासून रोखले. भीती वाढली, पण पुढे आपोआप उतरली. आजच्या उपचाराचा पाया तोच आहे : शंका येऊ द्यायची, पण तिची चाकरी करायची नाही. जोडीला क्लोमिप्रामीन आणि त्यानंतरची औषधे आली. ती गुणकारी आहेत, मात्र परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची व थांबवायची असतात.

परंतु आमच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना 1978 सालची. रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा या दोघा संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : असे विचार रोग नसलेल्यांना येत नाहीत काय? त्यांनी चारचौघांना विचारले, आणि सुमारे 80 टक्के लोकांनी सांगितले की येतात. इजा करण्याचे, अमंगळ, देवाधर्माविषयी अभद्र, सारे येतात. 2014 साली तेरा देशांतल्या 777 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे 94 टक्क्यांना गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक विचार येऊन गेला होता. तेव्हा रोगी आणि निरोगी यांत विचाराचा फरक नाही. निरोगी मनुष्य "काय भलतेच!" म्हणून पुढे जातो. रोगी मनुष्य त्या विचाराला आपल्या चारित्र्याचा पुरावा समजतो आणि तो खोडून काढायला बसतो. जितके खोडावे तितका तो ठसतो.

हे सुखवस्तू माणसाचे चोचले आहेत, असा एक आक्षेप आमच्या कामगार बांधवांकडूनही ऐकू येतो. त्यांनी 2016 चा उन्हाळा आठवावा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरात घागरी मोजून पाणी वापरतात, त्या घरातही हात धुण्याचा विकार येतो, आणि तेथे तो घर मोडतो. रोग्याला पाणी वाया जाते याची लाज, न धुतले तर जीव जाईल अशी भीती. या दोहोंत तो भरडला जातो. जगभरच्या पाहण्यांवरून शंभरात साधारण दोघा-तिघांना आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो. हजार कामगारांचा कारखाना घेतला तर वीस-तीस माणसे झाली. एवढी माणसे यंत्रावर जखमी झाली असती तर आम्ही संप पुकारला असता.

घरच्यांचे येथे बहुधा प्रेमापोटी चुकते. "हो, धुतलेस", "हो, बंद आहे" असे दिवसातून शंभरदा सांगितले जाते. त्याने क्षणभर बरे वाटते आणि शंका पुन्हा उगवते. रागावणेही व्यर्थ, कारण लाज वाढते आणि लपवणे वाढते. तज्ज्ञांच्या सल्ल्याने, रोग्याला विश्वासात घेऊन, ही कबुलीजबाबी हळूहळू कमी करायची असते. ज्या छपराची इंजिनियरने पाहणी केली आहे, त्याखाली रात्रीत पाच वेळा उठून भिंतीची भेग न तपासता झोपणे, हे या रोगात मोठे धैर्य आहे. ते घरच्यांनी ओळखावे.

राज्यसंस्थेची पावले सावकाश पडली, पण पडली. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि 1996 पासून तो जिल्ह्यांकडे वळला. 2013 साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामुळे भूत उतरवण्याच्या नावाखाली रोग्याला मारहाण करणारा आज गुन्हेगार ठरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि विम्यात मनाच्या व शरीराच्या आजाराला समान वागणूक देण्याचे बंधन घातले. 2022 पासून 14416 या 'टेली-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतही मिळतो. कायदा कागदावर राहतो की कामावर येतो, हे मात्र मागणी करणाऱ्यावर अवलंबून असते. पगारी आजारपणाची रजा, विम्याची भरपाई, जिल्हा रुग्णालयात औषध आणि बोलून उपचार करणारा माणूस, या मागण्या वेतनवाढीच्या यादीत बसल्या पाहिजेत.

आणि एक काम असे आहे की त्याला कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. शेजारचा कोणी धीर करून आपल्या मनातला भलता विचार सांगू लागला, तर दचकू नये, हसू नये, प्रायश्चित्त सुचवू नये. "असे विचार मलाही येतात, तुला त्यांचा त्रास होतो आहे, तर आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ", एवढे म्हणावे, आणि त्याच्याबरोबर जावे.