हत्तीचा गैरसमज : दाभोळच्या खाडीवरील एक प्रकरण



दाभोळचें नांव निघालें म्हणजे बहामनी व आदिलशाही काळांतील भरभराटीचें बंदर, आणि 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा यानें केलेला त्याचा विध्वंस, या दोन गोष्टी इतिहासाच्या वाचकांस सहज आठवतात. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती त्यानंतर दोन शतकांनीं घडलेली असून तिचा आरंभ एका हत्तीपासून होतो. मदत मागणारा एकीकडे, करणारा दुसरीकडे, आणि मध्यें केवळ कागद, अशा वेळीं गैरसमज कसा वाढतो हें या प्रकरणांत जितकें उघड दिसतें तितकें क्वचितच दिसत असेल.

स्थळाची कल्पना प्रथम करून घेऊं. वाशिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर दाभोळ आहे व समोर दक्षिण तीरावर अंजनवेल. खाडीनें वर गेलें कीं चिपळुणाजवळ गोवळकोट लागतो, आणि तेथून जवळच डोंगरावर परशुरामाचें देवस्थान आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं अंजनवेल व गोवळकोट हीं ठाणीं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतीं व तेथील अंमल सिद्दी सात पाहत असे. परशुरामास ब्रह्मेंद्रस्वामी राहत. स्वामींचा मान मोठा होता. सातारचे शाहू महाराज, पेशवे, कुलाब्याचे कान्होजी आंग्रे हे तर त्यांस मानीतच. पण सिद्दीकडूनहि देवस्थानास गांवें मिळालेलीं होतीं. आंग्रे व सिद्दी यांचें हाडवैर असतां दोघांच्याहि घरीं ज्याचा शब्द चाले असा हा पुरुष. या स्थानांत जितकी प्रतिष्ठा होती तितकाच धोकाहि होता.

सावनूरच्या नबाबाकडून एक हत्ती सिद्दी साताकडे यावयाचा होता व त्या कामीं स्वामींची मध्यस्थी होती. विनंती साधी, आणि स्वामींनीं ती मान्यहि केली. परंतु हत्ती वाटेंत आंग्र्यांच्या लोकांनीं अडकवून ठेविला. चौकीवरील शिपायांस शत्रूचा हत्ती दिसला, त्यांनीं तो धरला. एवढीच ती गोष्ट. सिद्दी साताच्या मनांत मात्र तिचा अर्थ निराळा झाला. आंग्रे हे स्वामींचे शिष्य. तेव्हां हत्ती गेला तो स्वामींच्याच संमतीनें, असें त्यानें घेतलें. खुलाशाची वाट त्यानें पाहिली नाहीं. 1727 च्या महाशिवरात्रीस, यात्रेच्या दिवशींच, त्यानें परशुरामावर चाल करून देवालय लुटलें. पुढें स्वामींनीं कान्होजींस लिहून हत्ती सोडविला आणि तो सिद्दीकडे पोंचताहि झाला! पण देवालयाची विटंबना होऊन चुकली होती, आणि स्वामी कोंकण सोडून सातारच्या जवळ धावडशीस जाऊन राहिले.

यापुढें मदत मागण्याची पाळी स्वामींची आली. सिद्दीचें पारिपत्य व्हावें म्हणून त्यांनीं शाहू महाराजांस, पेशव्यांस व आंग्र्यांस जो लकडा लावला तो त्यांच्या पत्रव्यवहारांत, जो पारसनीस व राजवाडे यांनीं छापून काढला आहे, पानोपानीं दिसतो. हीं पत्रें वाचतांना प्रथम आश्चर्य वाटतें तें त्यांच्या स्वराचें. मागणाऱ्याचा नरमपणा त्यांत फारसा नाहीं. रोष आहे, टोचणी आहे, मध्येंच किरकोळ वस्तूंच्या मागण्याहि आहेत. याचें एक कारण वैराग्याचा अधिकार, पण दुसरें अधिक व्यावहारिक आहे. स्वामी सरदारांस कर्जाऊ पैसा देत. बाजीरावासारखा पराक्रमी पुरुष, पण सावकारांच्या पायां पडतां पडतां कपाळाची कातडी गेली असें तो यांनाच काकुळतीनें कळवितो. ज्याच्याजवळ दुसऱ्याचें देणें अडकलें आहे त्याच्या विनंतीस हुकुमाचा वास येणारच. माझ्या मतें या स्वरानें स्वामींचें काम लवकर झालें नाहीं. कान्होजींनीं आदर राखला, पण युद्ध आरंभिलें नाहीं, आणि 1729 त ते वारले.

जुन्या दप्तरी लेखनांत मायन्याला इतकें महत्त्व कां असे, तें येथें ध्यानांत येतें. वडिलांस विज्ञापना, बरोबरीच्यास राजमान्य राजश्री, हाताखालच्यास आज्ञा. पहिल्या ओळींतच मागणारा कोठें उभा आहे तें कळे. आपण आज संगणक अडला म्हणजे कोणा अनोळखी जाणकारास मायन्यावांचून दोन ओळी लिहून टाकतों, आणि त्याचें त्रोटक उत्तर आलें कीं तो उद्धट वाटतो. त्यालाहि आपण तसेच वाटलेले असतों. अर्थात् मायना हा कांहीं रामबाण नव्हे. 1733 च्या जंजिरा मोहिमेंत सर्वांचे मायने यथास्थित होते. तरी 8 जूनला प्रतिनिधीच्या लोकांनीं रायगड घेतला तेव्हां श्रेय कोणाचें यावरून पेशवा व प्रतिनिधी यांचीं मनें आंबलीं. समुद्रावरची मदत सेखोजी आंग्र्यांवर अवलंबून, आणि ते ऑगस्टांत निवर्तले. बाजीराव वर्षअखेर परत फिरला. अंजनवेल व गोवळकोट सिद्दीकडेच राहिले.

सिद्दी साताचा शेवट 1736 च्या एप्रिलांत झाला. रेवसच्या बाजूस चिमाजी अप्पांनीं त्याच्या फौजेवर घाला घातला व तो लढाईंत पडला. स्वामींस झालेल्या आनंदास पारावार राहिला नाहीं. ज्या अप्पांस त्यांनीं एरवीं इतकें टोंचलें त्यांची आतां मुक्तकंठानें स्तुति झाली. हत्तीचें निमित्त घडल्यास तोंवर नऊ वर्षें लोटलीं होतीं, आणि त्या अवधींत दाभोळपासून चिपळुणापर्यंतच्या खाडीकांठच्या रयतेनें दोन्ही बाजूंच्या फौजा पाहिल्या. पत्रांत तिचें नांव क्वचित् येतें.

अंजनवेल घेतलें तें शेवटीं तुळाजी आंग्र्यानें, 1745 त. त्यानें किल्ल्याचें नांव गोपाळगड ठेविलें. त्याच वर्षीं ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीस समाधिस्थ झाले.