लॅक्स्टन : सामाईक शिवाराचे गाव

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. चिकणमातीची जमीन, उत्तरेस नॉर्मन काळातील गढीचा उंचवटा, रस्त्याच्या कडेने घरे, एक जुने चर्च. गावाचे वेगळेपण आहे ते त्याच्या शिवारात.

मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या भागात गावची शेती तीन विस्तीर्ण वावरांत विभागलेली असे. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीत. दरवर्षी पाळी फिरे. प्रत्येक कुळाच्या पट्ट्या तिन्ही वावरांत विखुरलेल्या, मध्ये कुंपण नाही. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी बहुतेक गावांची अशी वावरे कुंपणबंद झाली आणि सामाईक चराईवर जगणारे गोरगरीब उघडे पडले. लॅक्स्टनची वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साउथ फील्ड ही वावरे मात्र, आकसली तरी, आजही टिकून आहेत.

या गावाचे मालक सर विल्यम कोर्टेन यांनी १६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून पट्टीवार मोजणी करवून नकाशा काढविला. तो आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. याच कोर्टेन यांच्या नावे निघालेल्या व्यापारी मंडळाची जहाजे १६३६ मध्ये गोव्यास लागली आणि पुढे कारवारला त्या मंडळाची वखार झाली. लॅक्स्टनचा धागा असा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो.

महसुली कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्या नकाशाहून गावचा रिवाज अधिक मोलाचा वाटतो. नोव्हेंबरअखेर गावकऱ्यांतून नेमलेले पंच गहू पेरलेल्या वावरात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात. कोणी सामाईक वाटेत किंवा राखीव गवतात नांगर घातला असल्यास त्याची नोंद घेतात. आठवड्याने 'कोर्ट लीट' हे गावन्यायालय भरते व दंड ठरतो. रक्कम किरकोळ असते. पण तो दंड शेजाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेला असतो.

१९५२ मध्ये हे गाव सरकारने विकत घेतले, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेले आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पूर्वीच्या मालक घराण्याकडे, परतले. मालक बदलले, रिवाज टिकला. बांध कोरण्यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, आणि दोन्ही पक्षांच्या हाती नकाशाच्या नकला असतात. हद्द नकाशावर नोंदता येते. ती राखायची तर गावाने दरसाल मिळून शिवारात उतरावे लागते.