चक

चक : ‘फेकणे’ या अर्थाचे बोली इंग्रजीतील क्रियापद. ‘थ्रो’ सर्वत्र चालते. ‘चक’ घरात, मैदानावर आणि मित्रमंडळींत. किल्ल्या इकडे टाक, रद्दी टाकून दे, अशा वाक्यांत ते सहज येते. त्यात नेम धरणे किंवा जपून फेकणे अभिप्रेत नसते. जोराने फेकण्यासाठी ‘हर्ल’, भिरकावण्यासाठी ‘फ्लिंग’ आणि हलकेच वर उडवण्यासाठी ‘टॉस’ ही क्रियापदे आहेत.

व्युत्पत्ती : हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. लाडाने हनुवटीखाली हलकी चापट देणे हाही त्याचा जुना अर्थ असून तो अजून वापरात आहे. फेकण्याचा अर्थ त्यातूनच आला असावा. फ्रेंच ‘शोके’ (आदळणे) या क्रियापदाशी जोडले जाणारे नाते निश्चित नाही. खळग्यात नाणी टाकण्याचा ‘चक-फार्दिंग’ हा जुना इंग्रजी खेळ याच शब्दावरून ओळखला जाई.

जोडक्रियापदे : ‘चक आउट’ म्हणजे टाकून देणे किंवा हाकलणे, दारूच्या गुत्त्यातून दंगेखोरांना बाहेर काढणारा तो ‘चकर-आउट’. ‘चक इन’ म्हणजे नोकरी किंवा हाती घेतलेले काम सोडून देणे. ‘चक अप’ म्हणजे ओकणे. ब्रिटनमध्ये धो धो पावसालाही ‘चक’ हे क्रियापद लावतात. ऑस्ट्रेलियात खोटे आजारपण सांगून घेतलेल्या रजेसाठी ‘चक अ सिकी’ असा प्रयोग रूढ आहे.

क्रिकेट : या शब्दाचा सर्वांत गंभीर अर्थ क्रिकेटमध्ये आढळतो. चेंडू ‘टाकण्या’ऐवजी ‘फेकणे’ म्हणजे चकिंग आणि तसे करणारा चकर. नियमावलीत मात्र ‘थ्रो’ हाच शब्द आहे. 2017 च्या संहितेतील 21 व्या नियमानुसार, हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर पूर्णतः वा अंशतः सरळ होता कामा नये. कोपर मुळात वाकलेले असणे हा दोष नव्हे. फेक ठरते ती वाकलेले कोपर सरळ होण्याने.

कसोटीत फेकीबद्दल नोबॉल मिळालेला पहिला गोलंदाज ऑस्ट्रेलियाचा एर्नी जोन्स. 1897–98 च्या मालिकेत मेलबर्नला पंच जिम फिलिप्स यांनी तो दिला. 1960 मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेच्या जेफ ग्रिफिनने हॅट्‌ट्रिक साधली आणि त्याच कसोटीत त्याला फेकीबद्दल 11 नोबॉल मिळाले. ती त्याची अखेरची कसोटी ठरली. डिसेंबर 1963 मध्ये ब्रिस्बेनला पंच कॉल इगर यांनी इयान मेकिफच्या एकाच षटकात चार नोबॉल दिले. मेकिफला त्या डावात पुन्हा गोलंदाजी मिळाली नाही आणि सामन्यानंतर तो निवृत्त झाला.

26 डिसेंबर 1995 रोजी मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनला सात वेळा नोबॉल दिला. जन्मापासूनच मुरलीधरनचे कोपर पूर्ण सरळ होत नाही. पुढील चाचण्यांत व अभ्यासांत असे दिसले, की निर्दोष समजल्या जाणाऱ्या गोलंदाजांचेही कोपर थोडेफार सरळ होते आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना नेमका कळत नाही. कोपर किती सरळ झालेले चालेल याची मर्यादा आधी फिरकी गोलंदाजांना 5, मध्यमगतीला 7.5 आणि वेगवान गोलंदाजांना 10 अंश अशी होती. 2005 मध्ये ती सर्वांसाठी 15 अंश झाली. हा बदल मुरलीधरनसाठीच झाला की काय, यावर मतभेद आहेत. 2010 मध्ये तो 800 कसोटी बळींसह निवृत्त झाला.

यंत्रकाम : लेथवर काम घट्ट धरणारा भागही चक. तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकात एकाच चावीने तिन्ही जॉ एकदम सरकतात व गोल काम आपोआप मध्यावर बसते. चार जॉच्या चकात प्रत्येक जॉ स्वतंत्रपणे सरकवावा लागतो. चावी चकातच राहिली आणि लेथ सुरू झाला, तर ती वेगाने बाहेर फेकली जाऊन जवळच्या माणसाला इजा करते. म्हणून पकड आवळताच चावी काढून ठेवण्याची शिस्त नवशिक्याला सर्वांत आधी लावतात. मराठी कामगारांच्या बोलीत चक, जॉ हे शब्द जसेच्या तसे रुळले आहेत.

इतर : गाईच्या खांद्याजवळचे मांस, चार्ल्स नावाचे अमेरिकी लघुरूप. शेक्सपिअरच्या ‘मॅक्‌बेथ’ नाटकात नायक पत्नीला ‘चक’ म्हणतो. तो लाडाचा शब्द वेगळ्या मुळाचा मानतात.

मराठीतील वापर : फेकणे, टाकणे, भिरकावणे, हाकलणे हे प्रतिशब्द संदर्भानुसार योजावेत. क्रीडावृत्तांत ‘फेकी गोलंदाज’ आणि ‘सदोष शैली’ असे दोन्ही प्रयोग दिसतात. पहिला माणसावर शिक्का मारतो, दुसरा दुरुस्त होऊ शकणाऱ्या हालचालीपुरता बोलतो. नियम चेंडू टाकण्याच्या रीतीला लागू आहे, गोलंदाजाच्या सचोटीला नव्हे. त्यामुळे ‘सदोष शैली’ हाच प्रयोग स्वीकारावा.