कपाळातली गाठ

मागच्या महिन्यात आमच्या सौ.ची सर्दी हटेना, म्हणून डॉक्टरांनी सायनसचा सीटी स्कॅन करायला सांगितला. अहवालात शब्द आला 'ऑस्टिओमा'. म्हणजे कपाळाच्या पोकळीत हाडाची गाठ! गाठ म्हटलं की मनात पहिल्यांदा काय येतं, ते सांगायला नको. डॉक्टर मात्र शांत होते. "साधी गाठ आहे, कॅन्सर नव्हे. फार सावकाश वाढते. सायनसची वाट अडली नाही, डोळ्याकडे सरकली नाही, तर हात लावायचा नाही."

नुसत्या चित्रावरून एवढी खात्री? झोप येईना, तेव्हा वाचत बसलो.

८ नोव्हेंबर १८९५ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये रॉन्टजेनना अज्ञात किरण सापडले. आपल्या बीजगणितातला अज्ञात 'क्ष', म्हणून क्ष-किरण. सायनसमध्ये हवा असते, ती फिल्मवर काळी दिसते आणि हाड पांढरं. काळ्या पोकळीत पांढरा गोळा दिसला की ऑस्टिओमाची शंका घ्यायची. पण कवटीच्या पुढच्या-मागच्या हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. न्यूयॉर्कच्या यूजीन काल्डवेल यांनी रुग्णाचं कपाळ आणि नाक फिल्मला टेकवून, मागून तिरपे किरण सोडून कपाळाचे सायनस मोकळे दाखवले. ती पद्धत अजून त्यांच्या नावाने ओळखतात. याच किरणांनी झालेल्या इजांमुळे १९१८ साली ते गेले. हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ तसाच बसलो.

पुढे इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांनी सीटी स्कॅन आणला. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. आता सावल्यांऐवजी एकेक काप दिसू लागला, आणि आकडेही मिळाले: हवा उणे १०००, पाणी शून्य, घट्ट हाड हजाराच्या आसपास किंवा वर. एमआरआयमध्ये मात्र घट्ट हाड हवेसारखंच काळं दिसतं, म्हणून अशी गाठ तिथे नजरेतून सुटू शकते. सीटीच का सांगितला, ते तेव्हा कळलं.

सकाळी सौ.ने विचारलं, "अहो, रात्रभर दिवा का जळत होता?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या काल्डवेलच्या बायकोला कुणी सांगितलं असेल का हो, त्यांचं काम कुठवर पोचलं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. 'काही करू नका' हे इतक्या खात्रीने सांगता यावं, यासाठी किती जणांनी किती केलंय!

असो. वर्षाने पुन्हा स्कॅन. तोवर सर्दीला गवती चहा.