टेंपल बार, डब्लिन

टेंपल बार हा आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील एक जुना परिसर आहे. लिफी नदीच्या दक्षिण तीरावरील या परिसराच्या उत्तरेस नदी, दक्षिणेस डेम स्ट्रीट, पूर्वेस वेस्टमोरलँड स्ट्रीट आणि पश्चिमेस फिशॅम्बल स्ट्रीट आहे. अरुंद फरसबंद गल्ल्या, कलासंस्था आणि पब यांसाठी तो प्रसिद्ध आहे. शनिवार-रविवारची सुट्टी साधून मित्रमंडळींसह डब्लिनला येणारे पर्यटक संध्याकाळी बहुधा येथेच जमतात. १९८० च्या दशकात हा परिसर पाडून तेथे बसस्थानक उभारण्याची योजना होती. ती रद्द होऊन १९९१ पासून सांस्कृतिक परिसर म्हणून त्याचा पुनर्विकास झाला. मात्र पुनर्विकासाचा मूळ हेतू कितपत साधला, हा आजही वादाचा विषय आहे.

नाव

परिसराच्या नावातील ‘बार’ या शब्दाचा मद्यालयाशी संबंध नाही. नदीकाठच्या वाळूच्या उंचवट्याला किंवा त्यावरील पायवाटेला हा शब्द लावला जात असे. ‘टेंपल’ हे नाव सतराव्या शतकाच्या आरंभी ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख असलेले सर विल्यम टेंपल यांच्या घराण्यावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. लंडनमधील त्याच नावाच्या ठिकाणाचाही प्रभाव या नामकरणावर असावा, असे एक मत आहे. १६७३ च्या नकाशात हे नाव आढळते.

इतिहास

मध्ययुगात हा भाग शहराच्या तटाबाहेर होता. सतराव्या शतकात येथे सरदारांची घरे व बागा झाल्या. १७०७ मध्ये नदीकाठी जकातघर बांधले गेल्यावर व्यापारी, कारागीर आणि छापखाने यांची येथे गर्दी झाली. १३ एप्रिल १७४२ रोजी फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात हँडेल या संगीतकाराच्या ‘मसाया’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला.

१७९१ मध्ये जकातघर नदीच्या उत्तर तीरावरील नव्या इमारतीत गेले. १८०१ मध्ये आयर्लंडचे ब्रिटनमध्ये विलीनीकरण होऊन डब्लिनची संसद बंद झाली. या दोन्ही घटनांनंतर परिसराला उतरती कळा लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथील अनेक इमारती मोडकळीस आल्या होत्या.

बसस्थानकाची योजना

बसस्थानकासाठी सी.आय.ई. या सरकारी परिवहन कंपनीने येथील इमारती विकत घेण्यास सुरुवात केली. पाडकाम सुरू होईपर्यंत त्या रिकाम्या ठेवण्याऐवजी अल्प भाड्याने व अल्प मुदतीसाठी देण्यात आल्या. कमी भाड्यामुळे चित्रकार, वादक, जुन्या कपड्यांचे व पुस्तकांचे विक्रेते, छोटी उपाहारगृहे आणि कलादालने येथे आली. ज्या योजनेमुळे परिसर नष्ट व्हायचा होता, तिच्याच दिरंगाईतून त्याला नवे जीवन मिळाले.

पुढे याच भाडेकरूंनी, रहिवाशांनी आणि ‘अन ताश्का’ या वारसा-संवर्धन संस्थेने पाडकामास विरोध केला. या विरोधाला जवळच्याच वुड की येथील घटनेची पार्श्वभूमी होती. तेथे व्हायकिंगकालीन वस्तीचे अवशेष सापडल्यावर १९७८ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्चा काढला होता, तरीही त्या जागी नगर परिषदेची कार्यालये बांधली गेली. टेंपल बारच्या बाबतीत मात्र योजना मागे घेण्यात आली.

पुनर्विकास

डब्लिन हे १९९१ साठी युरोपीय सांस्कृतिक नगरी ठरले होते. पंतप्रधान चार्ल्स हॉही यांच्या सरकारने त्याच वर्षी कायदा करून ‘टेंपल बार प्रॉपर्टीज’ ही कंपनी स्थापन केली. आराखड्याची स्पर्धा ‘ग्रुप ९१’ या वास्तुविशारदांच्या गटाने जिंकली. जुनी गल्लीरचना कायम ठेवून मधूनमधून लहान चौक निर्माण करणे, हे या आराखड्याचे सूत्र होते. मीटिंग हाउस स्क्वेअर हा चौक त्यातूनच निर्माण झाला. क्वेकर पंथीयांच्या जुन्या प्रार्थनागृहात चित्रपट केंद्र सुरू झाले, तर १९९५ मध्ये ‘द आर्क’ हे मुलांसाठीचे सांस्कृतिक केंद्र उघडले. १९८३ पासून कलावंतांना कार्यशाळा पुरवणाऱ्या टेंपल बार गॅलरी अँड स्टुडिओज या संस्थेलाही नवी इमारत मिळाली.

पब आणि पर्यटन

१९८६ मध्ये रायनएअरने डब्लिन-लंडन मार्गावर स्वस्त विमानसेवा सुरू केली. १९९० च्या दशकात युरोपातील हवाई वाहतुकीवरील निर्बंध उठल्यावर अशा सेवा वाढल्या आणि दोन रात्रींपुरती डब्लिनची सहल सामान्य नोकरदारांच्या आवाक्यात आली. नवऱ्या मुलाने लग्नापूर्वी मित्रांसह करावयाच्या ‘स्टॅग पार्टी’साठी आणि नवरीने मैत्रिणींसह करावयाच्या ‘हेन पार्टी’साठी टेंपल बार हे ब्रिटनमधील तरुणांचे आवडते ठिकाण बनले. मद्यधुंद टोळक्यांचा उपद्रव वाढल्याने त्या दशकाच्या अखेरीस येथील व्यावसायिकांनी अशा गटांना प्रवेश नाकारण्याचे धोरण स्वीकारले. पुढे ते शिथिल झाले.

आयरिश पब हे पारंपरिक अर्थाने केवळ मद्यपानाचे नव्हे, तर गप्पांचे व संगीताचेही ठिकाण आहे. फिडल, बासरी आणि डफासारखे बॉवरान ही वाद्ये घेऊन वादक एका टेबलाभोवती बसतात. मित्रांच्या गटात प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेये घेण्याची रीत असून तिला ‘राउंड’ म्हणतात. आपली पाळी चुकवणे असभ्य मानले जाते. स्टाउट ही गडद बिअर ५६८ मिलीलिटरच्या पाइंट पेल्यात दोन टप्प्यांत ओतली जाते. पहिल्यांदा ओतलेली बिअर स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. २९ मार्च २००४ पासून पबमध्ये धूम्रपानास बंदी आहे.

फ्लीट स्ट्रीटवरील १८२३ मधील ‘पॅलेस बार’ हा पब विसाव्या शतकात लेखक व पत्रकारांचा अड्डा होता. परिसरातील पर्यटकप्रिय पबमध्ये शहराच्या अन्य भागांपेक्षा दर अधिक असल्याने अनेक डब्लिनवासी तेथे जाणे टाळतात.

प्रेक्षणीय स्थळे

टेंपल बारपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर पुढील स्थळे आहेत:

• हापेनी ब्रिज: १८१६ मध्ये बांधलेला ओतीव लोखंडाचा पादचारी पूल. १९१९ पर्यंत येथे पथकर घेतला जाई. अर्ध्या पेनीच्या करावरून हे नाव पडले.
• ट्रिनिटी कॉलेज: स्थापना १५९२. ‘बुक ऑफ केल्स’ हे इ.स. ८०० च्या सुमाराचे सचित्र लॅटिन हस्तलिखित येथे जतन केलेले आहे.
• डब्लिन किल्ला: १९२२ पर्यंत ब्रिटिश सत्तेचे केंद्र. आवारातील चेस्टर बीटी संग्रहालयात मुघल लघुचित्रांचा महत्त्वाचा संग्रह आहे.
• क्राइस्ट चर्च कॅथीड्रल: अकराव्या शतकात स्थापन झालेले चर्च.

मूल्यमापन

नदीकाठचा एक जुना भाग पाडकामापासून वाचला आणि त्याची गल्लीरचना टिकली, हे या प्रकल्पाचे यश मानले जाते. दुसरीकडे, वाढलेल्या भाड्यांमुळे पूर्वीचे अनेक छोटे व्यवसाय येथून गेले आणि त्यांची जागा मोठ्या पबांनी व हॉटेलांनी घेतली, अशी टीका होते. रात्रीचा गोंगाट व कचरा यांबाबत येथील रहिवासी सातत्याने तक्रार करत आले आहेत. कलासंस्था मात्र आजही कार्यरत आहेत. तथापि केवळ रात्री येणाऱ्या पर्यटकाला त्यांची दारे बंद आढळतात. परिसराची ही दुसरी बाजू पाहण्यासाठी दिवसाचा वेळ अधिक सोयीचा ठरतो.