हायड्रोजन आणि कपाशीचा मुलूख : सहकार्याचा अपुरा इतिहास

हायड्रोजनचा इतिहास सांगताना यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीचे नाव सहसा कोणी घेणार नाही. अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या शेतीवर जगणारे आहे, आणि या वायूचे संशोधन ज्या प्रयोगशाळांत झाले त्या मुंबई-पुण्यात आहेत. तरीही अशा गावांचा हायड्रोजनशी संबंध नवा नाही. तो ‘हरित ऊर्जा’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे आणि आजच्या धोरणांचा विचार करताना तो विसरून चालणार नाही.

वऱ्हाडातील घरांत हायड्रोजन पहिल्यांदा आला तो वनस्पती तुपाच्या डब्यातून. मुंबईत शिवडी येथे 1930 नंतरच्या दशकात वनस्पती तुपाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि 1937 पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले. या कारखानदारीत तापवलेल्या तेलात निकेल धातूची भुकटी उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ म्हणून, मिसळली जाते आणि दाबाखाली हायड्रोजन सोडला जातो, त्यामुळे पातळ तेल घट्ट होते. हा हायड्रोजन अनेक कारखाने पाण्यातून वीज सोडून, म्हणजे विद्युत अपघटनाने, आपल्याच आवारात तयार करीत असत. आधी प्रामुख्याने शेंगदाण्याचे आणि पुढे सरकीचेही तेल यासाठी वापरात आले, म्हणजे कपाशीच्या बोंडातून निघालेली सरकी हायड्रोजनशी संयोग पावून पुन्हा गावच्या किराणा दुकानात परतू लागली.

दुसरा मार्ग खताचा होता. युरियाचा पाया अमोनिया आणि एक टन अमोनियासाठी सुमारे 177 किलो हायड्रोजन लागतो, तेव्हा कपाशीच्या ओळीत पडणारी युरियाची प्रत्येक मूठ ही अप्रत्यक्षपणे हायड्रोजनचीच मूठ असते. महाराष्ट्रात तुर्भे आणि पुढे अलिबागजवळील थळ येथे हे खत नैसर्गिक वायूपासून तयार होऊ लागले. त्या पद्धतीत हायड्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. परंतु याहून वेगळा मार्ग भारताने आधीच चोखाळला होता, ही गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही. पंजाबातील नांगल येथे भाक्रा प्रकल्पाच्या जलविद्युतेवर पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन आणि त्यापासून खत बनवले जाई. 1962 पासून तेथेच अणुभट्ट्यांसाठी लागणारे जड पाणीही वेगळे काढले जाऊ लागले. आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ म्हटले जाते, म्हणजे नवीकरणीय ऊर्जेतून मिळवलेला हायड्रोजन, तो देशाने साठ वर्षांपूर्वी कारखान्याच्या प्रमाणावर बनवला होता. पुढे विजेची मागणी सर्वत्र वाढली, खनिज तेलावरचे खत सोयीचे ठरले आणि तो धागा तुटला. या तुटण्यामागे शास्त्राची उणीव नव्हती, ते अर्थकारण होते, आणि हा धडा पुढील सर्व प्रयत्नांना लागू पडतो.

हायड्रोजन हेच इंधन मानण्याची कल्पना याहून जुनी आहे. 1839 मध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज मिळवून दाखवली. या साधनाला इंधनघट म्हणतात. त्यात इंधन जळत नाही, ते विद्युतरासायनिक क्रियेने वीज देते आणि मागे पाणी उरते. 1923 मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात जे. बी. एस. हाल्डेन यांनी कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून तो साठवावा, असे सुचवले. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले. 1973 च्या तेलसंकटाने या विचाराला धार आली. पुढच्याच वर्षी मायामी येथे हायड्रोजन ऊर्जेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यानंतर हे संशोधन एकेकट्या देशाचे न राहता करारांनी बांधले गेले. नोव्हेंबर 2003 मध्ये हायड्रोजन अर्थव्यवस्थेसाठी जी आंतरराष्ट्रीय भागीदारी स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. 2006 मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा आराखडा तयार झाला.

महाराष्ट्रातील खरे काम मात्र आराखड्यांपेक्षा प्रयोगशाळांतील परस्परांच्या साहाय्याने पुढे गेले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अपघटनाचे संच आणि उष्णतेने पाणी विघटित करणारे आयोडीन-गंधक चक्र यांवर काम केले. पुण्यात 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेबरोबर पटलाचे इंधनघट विकसित केले. या घटात एक पातळ बहुवारिकी पटल असते. ते हायड्रोजनचे धनभारित कण पलीकडे जाऊ देते, इलेक्ट्रॉनांना अडवते, आणि अडवलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेऊन जातात, तीच वीज होय. पुण्यातील केपीआयटी या कंपनीच्या सहभागाने या घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर 2020 मध्ये झाली. तिच्यातील घटाची क्षमता 10 किलोवॉट होती आणि तो 65 ते 75 अंश सेल्सिअसला काम करीत होता. 21 ऑगस्ट 2022 रोजी याच सहकार्यातून घडलेली बस पुण्यात लोकांसमोर आली.

आर्णीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना त्याआधी वर्षभर, 2021 मध्ये, घडली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या साहाय्याने शेतातील काडीकचऱ्यापासून थेट हायड्रोजन मिळवण्याची पद्धत मांडली. तिचे मूळ गोबरगॅसमध्ये आहे. हवाबंद टाकीत जिवाणूंचा एक गट सेंद्रिय पदार्थ कुजवताना आम्ले आणि हायड्रोजन निर्माण करतो आणि दुसरा गट तो हायड्रोजन वापरून मिथेन बनवतो, म्हणून गावच्या गोबरगॅसच्या टाकीत हायड्रोजन सतत तयार होत असतो, पण बाहेर येण्याआधीच खर्ची पडतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा वायूचा वापर झाला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो खेड्यांत नेला. पुण्याच्या संशोधकांनी जिवाणूंचा निवडक समूह वापरून या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या, पहिलीत हायड्रोजन घेतला आणि दुसरीत मिथेन. भात, गहू, मका यांच्या अवशेषांवर आधी रसायनांची किंवा विकरांची प्रक्रिया न करता हे साधते, असे सांगितले गेले.

या यादीत पऱ्हाटी नाही, आणि विदर्भाच्या बाजूने खरा प्रश्न येथेच सुरू होतो. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन आणि राज्यातील कपाशीचे क्षेत्र 40 लाख हेक्टरांच्या आसपास, असा तिचा पसारा आहे. मजूर लोखंडी चिमट्याने ती एकेक उपटतात, काही चुलीला जाते, काहीचे कुंपण होते, उरलेली बांधावर किंवा शेतातच पेटवली जाते. ती लवकर काढणे शेतकऱ्याच्याच हिताचे असते, कारण फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांपासून घेतल्या जाणाऱ्या जादा पिकाच्या, लोभाने उभी ठेवलेली कपाशी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते, आणि त्याचा फटका 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने सोसला आहे. शास्त्रीय अडचणही खरी आहे. पऱ्हाटी हे गवतवर्गीय पिकाचे मऊ काड नसून जवळजवळ लाकूडच आहे. तिच्यातील लिग्निन, म्हणजे पेशींना कडकपणा देणारा घटक, जिवाणूंना सहज पचत नाही, त्यामुळे भाताच्या पेंढ्यावर चालणारी पद्धत तिच्यावर तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. तिला भरड करून उष्णतेने वायुरूप करण्याचा दुसरा मार्ग अधिक सरळ ठरू शकेल. या पिकाच्या काष्ठाचा अनुभव मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचे नागपूरचे केंद्र यांच्याकडे आहे. तेथे पऱ्हाटीपासून भुशाचे तक्ते आणि इंधनाच्या कांड्या करण्याचे काम पूर्वीच झाले आहे.

धोरणात जागाही आहे. 4 जानेवारी 2023 रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी 19,744 कोटी रुपयांची तरतूद झाली, त्याच वर्षी राज्यानेही आपले हरित हायड्रोजन धोरण आणले, आणि केंद्राने ठरवलेल्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येत जैवभारापासून, म्हणजे वनस्पतिजन्य अवशेषांपासून, मिळणारा हायड्रोजनही बसतो. पण अभियानाच्या पहिल्या फेरीत जैवभारासाठी राखून ठेवलेल्या वार्षिक 40,000 टनांपैकी केवळ 2,000 टनांचे वाटप झाले. विद्युत अपघटनाचा वाटा मात्र पूर्ण भरला. भांडवल कोठे वळते हे या आकड्यांतून दिसते, आणि ज्या यवतमाळात पाण्याची टंचाई दर उन्हाळ्याची आहे, तेथे एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागणाऱ्या मार्गापेक्षा पऱ्हाटीचा मार्ग अधिक तपासण्याजोगा आहे.

या मुलखाने कापूस कच्चा बाहेर पाठवण्याचा इतिहास पाहिला आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे ब्रिटिश कंपनीने त्याचसाठी बांधली होती. पऱ्हाटीही तशीच गाडीत भरून दूरच्या कारखान्यात गेली, तर शेतकऱ्याच्या हाती फक्त उपटण्याची मजुरी राहील. पुण्यात आकाराला येत असलेल्या, संशोधन संस्था व उद्योगांच्या हायड्रोजन समूहाने पुढील करार करताना अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आणि नागपूरच्या कापूस संस्थांना बरोबर घ्यावे, पहिला चाचणी संच आर्णीसारख्या तालुक्यात उभारावा आणि पऱ्हाटीचा क्विंटलमागचा भाव प्रयोग सुरू होण्याआधीच लेखी ठरवावा.