फॅक्टशीटमागचा इतिहास

मागच्या भागानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकठिकाणांहून प्रश्न आले. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच : "सर, इतके म्युच्युअल फंड आहेत, त्यातला आम्ही कोणता घ्यावा?" सुरुवातीलाच सांगतो, मी सेबीकडे नोंदणी झालेला सल्लागार नाही. कोणत्याही फंडाचं नाव मी सांगणार नाही. पूर्वी एकदा सांगितलं होतं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

पण इतिहास सांगू शकतो. फौजेत आम्हाला एक गोष्ट लवकर कळते. फायरिंग रेंजवर नियमांची लांबलचक यादी असते. गोळीबार संपला की प्रत्येकाने हत्यार उघडून दाखवायचं, मगच जागा सोडायची. नव्या रंगरुटाला हा जाच वाटतो. जुना उस्ताद सांगतो, "बाळा, यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी अपघातानंतर लिहिलेली आहे." म्युच्युअल फंडाचंही तसंच आहे. आज फंडाची माहितीपत्रिका, म्हणजे फॅक्टशीट, उघडली की दहा-बारा रकाने दिसतात. आपण फक्त 'परतावा' वाचतो आणि पान मिटतो. बाकीचे बरेचसे रकाने कुणाचे तरी पैसे अडकल्यावर किंवा बुडाल्यावर तिथे आले आहेत. ते कसे आले हे कळलं, की फंडांची तुलना कशी करायची हेही कळतं.

सुरुवात 1963 पासून करू. त्या वर्षी संसदेने कायदा करून युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन केली. सामान्य माणसाची छोटी बचत उद्योगांपर्यंत पोहोचावी आणि नफ्यातला वाटा त्यालाही मिळावा, हा हेतू होता. 1964 च्या जुलैत त्यांची पहिली योजना आली, युनिट स्कीम 64. लोक तिला यूएस-64 म्हणत. 1987 मध्ये स्टेट बँकेचा फंड येईपर्यंत देशात दुसरी फंडसंस्थाच नव्हती. निवडीचा प्रश्नच नव्हता. माझे वडील बेळगावला प्राथमिक शिक्षक होते. पोस्टाच्या पासबुकाशेजारी ट्रंकेत त्यांच्या युनिटांची सर्टिफिकेटं असत. त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच, सरकारचं म्हणजे सुरक्षित.

मुद्दा असा, की यूएस-64 चं युनिट किती रुपयांना विकायचं आणि किती रुपयांना परत घ्यायचं, हे ट्रस्ट ठरवत असे. योजनेकडच्या शेअर-रोख्यांची आजची किंमत भागिले एकूण युनिटं, म्हणजे एनएव्ही, ती जाहीर होत नसे. बाजार चढता असतो तोवर याचं कुणाला काही वाटत नाही. पण समजा युनिटची खरी किंमत 9 रुपये आहे आणि परत घेण्याचा भाव 14. जो आधी बाहेर पडतो त्याला 14 मिळतात. वरचे 5 रुपये मागे राहिलेल्यांच्या खिशातून जातात. मागे कोण राहतो? ज्याला आतली बातमी नसते तो.

1998 मध्ये योजनेची गंगाजळी उणे झाल्याचं उघड झालं. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सरकारने मदतही केली. तरी 2001 च्या जुलैत यूएस-64 ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली. त्याआधीच्या एप्रिल-मेमध्ये मोठ्या कंपन्यांनी हजारो कोटी रुपये काढून घेतले होते. निवृत्त शिक्षक, कारकून, विधवा मागे राहिल्या. जानेवारी 2002 पासून योजना एनएव्हीवर आली, तेव्हा ती 10 रुपयांच्याही खाली होती. पुढे सरकारने हमी घेतली आणि 2003 मध्ये युनिट ट्रस्टचे दोन भाग झाले. माझ्या वडिलांनी 1996 मध्येच बहिणीच्या शिक्षणासाठी युनिटं मोडली होती, म्हणून ते सुटले. त्यात शहाणपण काही नव्हतं, केवळ योग. हे मुद्दाम सांगतोय, कारण नशिबाने मिळालेल्या परताव्याला लोक हुशारी समजतात.

म्हणून पहिला रकाना, एनएव्ही. रोज रात्री जाहीर होणारा हा आकडा म्हणजे प्रामाणिकपणाची खूण आहे. तो स्वस्त-महाग सांगत नाही. हा फरक मला स्वतःलाच फार उशिरा कळला.

2007 मध्ये मी लेफ्टनंट कर्नल होतो. शेअर बाजार उसळलेला, रोज नव्या फंडाची जाहिरात. एका बँकेचा अधिकारी युनिटमध्ये आला आणि म्हणाला, "सर, नवा फंड आहे, अवघ्या 10 रुपयांना युनिट. जुन्या फंडांचं युनिट शंभराला मिळतंय." पायाभूत सुविधांच्या कंपन्यांचा फंड होता तो. मी पैसे भरले. त्याच महिन्यात आमच्या पलटणीतले एक सुभेदार साहेब पेन्शनवर चालले होते. खानापूर तालुक्यातले, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी विचारलं, "साहेब, पैशाचं काय करू?" मी त्या फंडाचं नाव सांगितलं. त्यांनी 4 लाख भरले. मी सांगितलं म्हणून भरले, दुसरं काही कारण नव्हतं.

10 रुपयांचं युनिट स्वस्त नसतं. 10,000 रुपयांत 10 च्या भावाने 1,000 युनिटं येतात, 100 च्या भावाने 100 येतात. शेअर 10 टक्के वाढले, की दोन्हीकडे 11,000 च होतात. त्यात भर म्हणजे तेव्हा एंट्री लोड होता, सव्वादोन टक्के. सुभेदार साहेबांचे 9,000 रुपये पहिल्याच दिवशी कापले गेले, म्हणजे विक्रेत्याच्या कमिशनसाठी. 2008 मध्ये बाजार कोसळला. 2009 च्या सुरुवातीला त्यांच्या घराचा स्लॅब पडायचा होता. पैसे काढले तेव्हा हातात जेमतेम दोन लाख आले. मी फोन केला तर मला म्हणाले, "साहेब, तुमचे पण गेलेच की." माझे गेले होते, पण मला पगार चालू होता. मला थांबता आलं, त्यांना नाही. एकच फंड, एकच दिवस, तरी दोन माणसांसाठी दोन वेगळे निर्णय असतात, हे मी सांगायला हवं होतं.

ऑगस्ट 2009 पासून सेबीने एंट्री लोड बंद केला. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागला, ज्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. हा दुसरा रकाना, खर्चाचं प्रमाण. शेअरच्या फंडात डायरेक्ट आणि रेग्युलर यांच्यात साधारण अर्धा ते एक टक्का फरक असतो. एक टक्का म्हणजे किती? 1 लाख रुपये 20 वर्षं 12 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 9 लाख 65 हजार होतात, 11 टक्क्यांनी 8 लाख 6 हजार. फरक दीड लाखाच्या वर. चांगला मध्यस्थ घाबरलेल्या माणसाला धरून ठेवतो, त्याची किंमत द्यायला हरकत नाही. पण किती देतोय हे माहीत असावं.

तिसरा रकाना, वर्ग. पूर्वी फंडांची नावं भारी असत, पण नावावरून आत काय आहे ते कळत नसे. एकाच कंपनीच्या चार योजना जवळजवळ सारख्याच असत. ऑक्टोबर 2017 मध्ये सेबीने वर्ग ठरवून दिले. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाने किमान 80 टक्के पैसा पहिल्या शंभरात ठेवायचा. त्यामुळे आता तुलना एकाच वर्गात करा. स्मॉल कॅपचा परतावा दाखवून लार्ज कॅपला नापास करणं म्हणजे रायफलच्या नेमबाजाला तोफेच्या पल्ल्याशी ताडणं.

चौथा रकाना, बेंचमार्क. फंडाने निर्देशांकापेक्षा जास्त दिलं का? फेब्रुवारी 2018 पर्यंत यात एक सोयीची गफलत होती. फंडाच्या परताव्यात कंपन्यांचा लाभांश धरलेला असे, निर्देशांकाच्या आकड्यात नसे. म्हणजे शर्यतीत एकाला काही पावलं पुढून सोडलं होतं. आता लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करावी लागते. त्या तुलनेत लार्ज कॅप फंडांना निर्देशांकाच्या पुढे राहणं जड जातं, म्हणून कमी खर्चाचा इंडेक्स फंड आधी समोर ठेवावा आणि दुसरा फंड त्याहून सरस का, हे विचारावं.

इथे रेंजवरची एक गोष्ट कामी येते. एक गोळी मध्यावर लागली म्हणून आम्ही कुणाला नेमबाज म्हणत नाही. पाच गोळ्या किती जवळ पडल्या, म्हणजे ग्रुपिंग, ते बघतो. 'गेल्या वर्षी 40 टक्के' ही एक गोळी आहे. गेल्या दहा वर्षांत वेगवेगळ्या तारखांना शिरलेल्या माणसाला पाच-पाच वर्षांत काय मिळालं, याला रोलिंग रिटर्न म्हणतात. ते आहे ग्रुपिंग.

पाचवा रकाना, जोखीम. 23 एप्रिल 2020 रोजी, कोविडच्या टाळेबंदीत, फ्रँकलिन टेंपलटनने सहा डेट योजना बंद केल्या. सुमारे 25,000 कोटी रुपये अडकले. कर्जरोख्यांचा फंड म्हणजे मुदत ठेवीसारखाच, असा अनेकांचा समज होता. पण जास्त व्याजासाठी कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे घेतलेले होते, आणि ऐनवेळी त्यांना गिऱ्हाईक मिळेना. पुढे पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण ज्याला त्या मे महिन्यात हॉस्पिटलचं बिल भरायचं होतं त्याचं काय? जानेवारी 2021 पासून रिस्कोमीटरवर सहा पायऱ्या आल्या, 'अति उच्च' ही सगळ्यात वरची. तो काटा दर महिन्याला तपासला जातो. तुम्हीही बघा. डेट फंडात परताव्याआधी रोखे कुणाचे आहेत ते वाचा.

मंडळी, या पाचही रकान्यांच्या आधी एक रकाना आहे. तो फॅक्टशीटवर छापलेला नसतो, तुम्हालाच भरायचा असतो : हे पैसे मला कधी लागतील? पाच वर्षांच्या आत लागणार असतील, तर शेअरच्या फंडांची तुलना करतच बसू नका. सुभेदार साहेबांना मी हा एक प्रश्न विचारला असता, तर स्लॅबचे पैसे तरी वाचले असते.

मागच्या दिवाळीत त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात नोकरीला आहे. त्याने मोबाईलवर दोन फंडांची पानं पाठवली आणि विचारलं, "काका, यातला कुठला?" मी नाव सांगितलं नाही. हेच सहा प्रश्न लिहून पाठवले. आठवड्याने त्याचा निरोप आला, "उत्तरं सापडली, काका. एक घेतला." कुठला ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

जय हिंद.